सोयऱ्यांची वही

"सोयरे सांग. जिते सांग, मेलेले बी सांग."

ठाण्यात नवा शिपाई हजर झाला की आमचे जमादार त्याला पाणीही विचारायच्या आधी हे विचारत. विचारण्यापूर्वी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवत, आणि मग ऐकायला असे बसत की जणू समोरचा आता कथाच सांगणार आहे. शिपाई बिचारा नव्या पट्ट्याशी चाळा करत उभा राही.

"मेलेले कशाला, जमादारसाहेब?"

"मेलेल्याचे पोरं जिते असत्यात. सांग."

मी त्या ठाण्याचा मोहरीर, म्हणजे लिहिणारा. गावाचं नाव सांगत नाही. परतूरच्या बाजूचं, रेल्वे स्टेशन असलेलं आणि कापसाच्या बाजारावर जगणारं, एवढं पुरे. नावं न सांगण्याची सवय मला आहे. ती कशी लागली आणि तिने काय केलं, तेच आज सांगतो आहे.

पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाच्या वेळचे काही पोलीस गेले होते, काही उरले होते, काही नव्याने भरती झाले होते. अमीनसाहेबांना आता फौजदार म्हणायचं होतं आणि दप्तर उर्दूतून मराठीत येत होतं. अशा वेळी जिल्ह्याला आलेल्या नव्या साहेबांनी हुकूम काढला. ठाण्याच्या हद्दीत कुणा पोलिसाचे जे भाऊबंद, सोयरे, शेतीतले वाटेकरी आणि जिवाभावाची माणसं असतील, त्यांची नावं एका वहीत लिहून ठेवायची. त्यांच्यापैकी कुणाचं प्रकरण निघालं, तर त्या पोलिसाने त्यात हात घालायचा नाही. हुकमात त्या वहीला लांबलचक नाव होतं. आम्ही तिला सोयऱ्यांची वही म्हणायचो.

इतर ठाण्यांत ती वही कपाटात गेली आणि तिथेच वाळवीला मिळाली असणार. सरकारी वह्यांचं पुढे काय होतं ते तुम्हीही पाहिलं आहे. पण आमच्या ठाण्यात हे जमादार होते. फौजदार येत आणि जात, कुणी दीड वर्ष तर कुणी सहा महिने. जमादार राहत. त्यांनी ती वही हातात घेतली आणि पोथीसारखी चालवली.

माणूस उंच, वाळका, गालफडं बसलेला. मूळ गाव भोकरदनकडचं धावडा. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, त्यामुळे मराठी अक्षर पहिलीतल्या पोराचं. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. पण वहीतलं आपलं पान ते स्वतः लिहीत. "माझ्या पानावर माझा हात पायजे," म्हणत.

एकदा जाफराबादकडचा एक शिपाई आमच्याकडे आला. त्याचा गोतावळा एवढा दांडगा की आमच्या हद्दीतल्या अकरा गावांत त्याच्या मावश्या आणि आत्या दिलेल्या. तीन दुपारी मी नुसती नावं लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी माझा हात दुखायला लागला तेव्हा मी म्हटलं, "जमादार, याचा कोण नाही तेवढंच लिहू का? लवकर संपेल."

जमादार हसले नाहीत. "लिहा, मोहरीर. याला बंदोबस्ताला कुठं धाडायचं ते आजच कळून राह्यलं. स्टेशनावर धाडू. रेल्वेला सोयरे नसत्यात."

आणि खरोखर तो शिपाई दोन वर्षं स्टेशनावरच होता.

मला सुरुवातीला याची गंमत वाटे. मग एकदा त्यांचा सख्खा भाऊ धावड्याहून आला. बांधावरून मारामारी झाली होती आणि भावावर केस झाली होती. ते ठाणं वेगळं, तालुका वेगळा. आमच्या वहीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. जमादारांनी तिकडच्या जमादाराला नुसतं एक कार्ड टाकलं असतं तरी काम झालं असतं. त्यांनी भावाला जेवू घातलं, नवं धोतर घेऊन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनावर नेऊन गाडीत बसवलं. कार्ड लिहिलं नाही.

मी तेव्हा स्टेशनावर होतो. खिडकीतून भाऊ म्हणाला, "तू पोलीस झाला अन् आमाला मेला."

जमादार गाडी सुटेपर्यंत तसेच उभे राहिले. परत येताना मला एवढंच म्हणाले, "त्याचं बी बराबर हाये." त्यानंतर धावड्याहून कुणी आल्याचं मी पाहिलं नाही.

आता सुपारीची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या एका शिपायाची गावातल्या एका घरी सोयरीक चालली होती. बोलणी होताहेत असं कळताच जमादारांनी त्या घरचं नाव त्याच्या पानावर चढवलं. पुढे मुलीकडच्यांनी नकार दिला. थोड्याच दिवसांत त्या घरी चोरी झाली, आणि तपासाला निघालेल्या शिपायाला जमादारांनी थांबवलं. तो भडकला. म्हणाला, "साहेब, त्यांनी मला पोरगी देली न्हाई, अन् तुम्ही मला जावई करून बसवलं!"

ठाणं हसून हसून लोळलं. जमादारही हसले. त्यांचे दात मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी वही मागवली आणि मला पहिल्याच पानावर लिहायला सांगितलं की, सुपारी फुटल्यावरच सोयरीक धरावी, नुसती बोलणी धरू नयेत. आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं, त्याआधी कुणी कुणाचा नाही. नियम शहाणपणाचा वाटला. मीच लिहिला, चांगल्या वळणदार अक्षरात.

ठाण्यापासून चार घरं सोडून आक्काची खानावळ होती. आक्का म्हणजे पन्नाशीकडे झुकलेली विधवा. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जिभेला पाणी आणणारा ठेचा. ठाण्यातले सडे लोक तिथेच जेवत, जमादारही. तिला किसन नावाचा एकुलता मुलगा होता. विशीतला, अंगाने मजबूत आणि डोक्याने गरम. कापसाच्या बाजारात मापाडी होता, म्हणजे शेतकऱ्यांचा माल काट्यावर तोलून द्यायचा.

एका दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी जमादार जेवायला गेले, तेव्हा आक्काने पाट मांडला आणि त्यांना ओवाळलं. तिला भाऊ नव्हता. जमादारांचा भाऊ असून नसल्यासारखा. त्यांनी ताटात ओवाळणी टाकली आणि जेवून गुपचूप परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही उघडायला लावली. आपल्या कोऱ्या पानावर त्या वेड्यावाकड्या अक्षरात आधी आक्काचं नाव लिहिलं, नंतर किसनचं.

मी म्हटलं, "जमादार, हे काय? ना रक्त, ना सोयरीक. वहीत मानलेल्या बहिणीला रकाना नाही."

"ओवाळलं न्हवं का तिनं?"

"ओवाळलं."

"मंग रकाना करा."

मी रकाना केला. किती वर्षं त्या पानावर तेवढीच दोन नावं होती. आत्ता लिहितानाही मला त्यातला एक खोडून पुन्हा लिहिलेला काना दिसतो आहे.

चैत्राच्या उन्हात एका दुपारी बाजारात आग लागली. गावातल्या मोठ्या अडत्याची कापसाची गंजी रेल्वेच्या मालधक्क्याला लागून होती. तीवरून धूर निघाला आणि अर्ध्या तासात सगळं पेटलं. गंजीच्या सावलीत राखणदार झोपला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत होता, पण बोलत नव्हता. संध्याकाळपर्यंत तो गेला.

त्याच सकाळी किसनचं त्या अडत्याशी भांडण झालं होतं. एका शेतकऱ्याच्या मालाला काटा मारायला अडत्याने सांगितलं आणि किसनने ऐकलं नाही. शब्दाला शब्द वाढला. किसन काटा सोडून निघाला आणि जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, "आग लागो तुमच्या दुकानाला!" असं आपण दिवसातून चारदा म्हणतो. चुलीला म्हणतो, नशिबाला म्हणतो. पण त्या दिवशी आग लागली होती आणि माणूस मेला होता. अडत्याने फिर्यादीत किसनचं नाव घातलं.

फौजदारांनी तपास जमादारांकडे दिला. ठाण्यात त्यांच्याएवढा जाणता तपासनीस दुसरा नव्हता. जमादारांनी पागोटं काढलं आणि वही पुढे केली. "साहेब, हे पोरगं माझ्या पानावर हाये. मला जमणार न्हाई."

फौजदार नवे होते. म्हणाले, "अहो, मानलेलं नातं! त्याचं काय एवढं?"

"माझ्या हातानं लिव्हलंय, साहेब."

मग तपास आमच्या हवालदाराकडे गेला. त्याचं पान स्वच्छ होतं.

आणि इथे मला माझं सांगायला हवं. त्या हवालदाराच्या मुलीचं त्या अडत्याच्या पुतण्याशी ठरलं होतं. दोघं एका जातीचे, दोघांना सोयीचं. माघ महिन्यात, म्हणजे आगीच्या दोन महिने आधी, अडत्याच्या घरी चार माणसांत बैठक झाली. मानपानाची यादी लिहायला माझं अक्षर चांगलं म्हणून मला नेलं होतं. मी यादी लिहिली, पुरणपोळी खाल्ली, विडा घेऊन घरी आलो. सुपारी फोडायची तेवढी दिवाळीपर्यंत लांबवली होती. म्हणजे नियमाने हवालदार आणि अडत्या एकमेकांचे कुणी नव्हते. तो नियम मीच लिहिला होता ना!

मी बोललो नाही. कारणं विचाराल तर आहेत. बायकोचे दिवस भरत आले होते, सरकारी खोली नुकतीच मिळाली होती. हवालदार शेजारी राहत होता आणि फौजदारांच्या मर्जीतला होता. दूरच्या चौकीवर बदली व्हायला एक शब्द पुरेसा होता. पण खरं सांगू? कारणं मी नंतर गोळा केली. त्या वेळी नुसती भीती वाटली आणि मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

किसनला आणलं. हवालदाराने त्याला दोन दिवस मागच्या खोलीत ठेवलं. आम्ही पुढे बसून कागद लिहीत होतो आणि मागून आवाज येत होते. जमादार पहिल्या दिवशी उठून बाजारात गेले, दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते सरळ हवालदारासमोर उभे राहिले.

"मालधक्क्यावर सांधेवाला हाये न्हवं, रेल्वेचा? त्यानं पाह्यलंय म्हणून राह्यला. दुपारच्या मालगाडीचं इंजन तिथंच मागंपुढं करत होतं. ठिणग्या पडत होत्या. अन् त्या टायमाला किसन गंजीपाशी आल्ताच न्हाई. त्याचा जबाब घ्या."

हवालदार खुर्चीवरून उठलाही नाही. "जमादार, तुम्ही वहीत हायेत. यात बोलू नका."

खोलीत मी होतो, दोन शिपाई होते. सगळ्यांना वाटलं जमादार आता त्याच्या कानाखाली काढतील. ते एक पाऊल मागे सरकले. मग "बराबर," म्हणाले आणि माझ्या टेबलाशी आले.

"मोहरीर, याचं पान काढा."

मी पान काढलं.

"अडत्याचं नाव न्हाई यावर?"

"नाही."

"कुठलंच न्हाई? वाटा, भागीदारी, काही?"

"पान कोरं आहे, जमादार."

त्यांनी कोऱ्या पानावरून बोट फिरवलं आणि वही मिटली. वहीवर त्यांचा विश्वास होता, आणि ती लिहिणाऱ्यावरही. सांधेवाल्याचा जबाब कधीच घेतला गेला नाही. महिन्याभरात त्याची नांदेडच्या बाजूला बदली झाली.

आक्का ठाण्यात आली ती किसनला आणलं त्याच आठवड्यात. डोक्यावर पदर, हाताला अजून पीठ. पडवीत जमादार बसले होते. ती आली तसे ते उठून उभे राहिले.

"दादा, तुम्ही नुसतं इचारा त्याला. तुमी इचारलं तर खरं बाहीर येईल. दुसरं काहीच मागत न्हाई."

"आक्का, मला हात लावता येत न्हाई. तुमचं नाव माझ्या पानावर हाये."

"कायचं पान?"

त्यांनी समजावलं. वही, रकाना, भाऊबीज, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती. बाई अडाणी होती, पण डोकं धारदार.

"म्हंजे म्या ओवाळलं नसतं, तर आज तुम्ही तपास केला असता?"

जमादारांना खोटं बोलता येत नव्हतं. "केला असता," ते म्हणाले.

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. नंतर तिने आपले पिठाचे हात उलटसुलट करून पाहिले, पदराला पुसले आणि गेली. खानावळ तिने बंद केली नाही. पोटासाठी चालवावीच लागणार होती. पण जमादार त्या दिवसापासून तिथे गेले नाहीत. खोलीवर हाताने काहीतरी शिजवत. कच्ची भाकर खाऊन पोट दुखतं असं एकदा शिपायाला सांगताना मी ऐकलं.

कोर्टात भांडणाचे साक्षीदार आले. आग लागो म्हणाल्याचे चार साक्षीदार होते. किसन त्या वेळी घरी जेवत होता, असं सांगणारी एक आई होती. आईचं कोण ऐकतं? त्याला दहा वर्षांची सजा झाली.

निकालानंतर पंधरा दिवसांनी हवालदार पेढे घेऊन ठाण्यात आला. आदल्या दिवशी मुलीची सुपारी फुटली होती. माणूस नियमाचा पक्का! म्हणाला, "मोहरीर, आमच्या पानावर अडत्याचं नाव चढवून टाका. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

जमादारांनी वही आपल्याकडे ओढली. "आणा, मी लिहितो." लेखणी बुडवली आणि थांबले. "बोलणी कधी झाली?"

"सुपारी काल फुटली."

"सुपारी न्हाई. बोलणी."

हवालदार मोकळेपणाने हसला. त्याला लपवायची आता गरज नव्हती. "माघात झाली की. हे काय, आपल्या मोहरीरानंच यादी लिव्हली. हो ना हो?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी आजपर्यंत अनेक साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, त्या दुसऱ्या दिवशी विसरलो. ती नजर विसरलो नाही. त्यांनी मान खाली घातली आणि अडत्याचं नाव लिहिलं, नेहमीपेक्षा सावकाश. पेढा टेबलावर तसाच राहिला.

त्यांनी मग जिल्ह्याच्या साहेबांना रिपोर्ट लिहायला घेतला. वरच्या कोर्टात जायची मुदत अजून होती. फिर्यादी आणि तपास करणारा यांची सोयरीक आगीच्या आधीच ठरली होती, हे सिद्ध झालं असतं, तर साहेब दुसऱ्या ठाण्याकडून फेरतपास करू शकत होते. सांधेवाला नांदेडकडे का होईना, होता. त्याचा जबाब आला असता तर किसन सुटला असता. चार दिवस जमादार खाडाखोड करत होते. पाचव्या दिवशी मसुदा माझ्यासमोर ठेवला.

"माझं अक्षर साहेबाला वाचता येणार न्हाई. तुम्ही चांगलं लिहून द्या."

मी वाचलं. सुपारीचा नियम माझा, चूक माझी, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. खाली एक वाक्य होतं. बोलणी माघात झाली व ही गोष्ट ठाण्यात माहीत होती. कुणाला माहीत होती ते लिहिलेलं नव्हतं.

"तुम्हाला काही वाढवायचं असंल तर वाढवा," ते म्हणाले. आणि पागोटं घेऊन बाहेर निघून गेले. मी एकटा लिहावं म्हणून गेले, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या वाक्यात माझं नाव घालायला एका ओळीची जागा होती. यादी मी लिहिली, मी साक्ष देतो, एवढंच लिहायचं होतं. मी टाक उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. घरात सहा महिन्यांचं मूल होतं. त्या दुपारी मी रिपोर्टाची अशी सुरेख नक्कल केली की तिच्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता. आणि एक शब्द जास्त नव्हता.

जमादार परत आले. त्यांनी ते शेवटचं वाक्य शोधलं, बोट ठेवून वाचलं आणि सही केली. मला काही विचारलं नाही. त्यांनी माझं नाव स्वतः का घातलं नाही, याचा मी कितीदा विचार केला आहे. हवालदाराने कबूल केलं नसतं, मीही नाकारलं असतं, हे त्यांना माहीत असावं. किंवा कुणाचं पान दुसऱ्याने लिहू नये, असा त्यांचा हट्ट असेल.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ठाण्याच्या लेखी नियमाप्रमाणे तपासाच्या वेळी सोयरीक झालेली नव्हती. बोलणी कुणास माहीत होती याचा उल्लेख नाही. नियमाचा भंग दिसत नाही. सबब दप्तरी दाखल करावे. जमादारांनी ते वाचून माझ्याकडे दिलं. मी दप्तरी दाखल केलं. अपिलाची मुदत तोवर गेली होती.

त्यानंतर त्यांनी वही माझ्या कपाटात ठेवून दिली. नवा शिपाई आला की मीच सोयरे विचारी, तेही जिवंतच. जमादार पडवीत बसून राहत. काम सांगितलं तर करत, एरवी बोलत नसत. वर्षभराने ते निवृत्त झाले. निरोपाला हार आणला होता, तो त्यांनी घालून घेतला. आक्काच्या दारावरून जाताना थांबले. दार उघडंच होतं. ती आत चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि वळली नाही. ते पुढे गेले. ते सगळं पाहून मी घरी आलो आणि बायकोवर उगाच ओरडलो.

दुसऱ्या वर्षी आक्का तापाने गेली. किसनला तिच्या मातीला सोडलं नाही. हवालदार जमादार झाला. मी हेड मोहरीर झालो. हे सगळं नियमाने झालं.

जमादार धावड्याला गेले असतील असं आम्ही समजत होतो. ते गेलेच नव्हते. औरंगाबादला तुरुंगाच्या मागच्या वस्तीत एक खोली घेऊन राहिले होते. हे मला कळलं ते मी एका कामाला तिकडे गेलो तेव्हा. कैद्यांना भेटायचा दिवस होता. फाटकाबाहेर बायका, म्हातारे, गाठोडी. दगडी कठड्यावर जमादार बसले होते. डोक्याला पागोटं नव्हतं आणि केस सगळे पांढरे झालेले. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

फाटकावरचा शिपाई मला ओळखीचा निघाला. म्हणाला, "हे म्हातारबा दर भेटीला येत्यात. दोन वर्षं झाली. पोरगं भेटायलाच येत न्हाई. 'सांगा त्यांना, मला कुणी न्हाई' म्हणतं. तरी हे घंटा होईस्तोवर बसून राह्यत्यात. मंग भाकरी आमाला देऊन जात्यात."

मी निघून जाणार होतो. पण त्यांनी मला पाहिलं. चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून मी थबकलो. राग नव्हता. त्यांनी फडकं उचलून पलीकडे ठेवलं आणि कठड्यावर माझ्यासाठी जागा केली.

"या, मोहरीर. बसा थोडं. आज येईल असं वाटून राह्यलं. तुम्ही हायेत, तर तुम्हीच सांगा त्याला काय ते."

मागितलं ते एवढंच. कोर्ट नव्हतं, साहेब नव्हता, बदली नव्हती. त्याच्या मानलेल्या मामाला त्या वेळी सोयरिकीचं काही माहीत नव्हतं, माहीत मला होतं, एवढं त्या पोराला तोंडाने सांगायचं होतं.

जमादार त्यानंतर पावसाळ्यात वारले. त्याच खोलीत. मला वर्षाने समजलं. किसन शेवटपर्यंत त्यांना भेटला नाही.

त्या दिवशी मी उभ्याउभ्याच म्हणालो, "बसलो असतो जमादार, पण गाडीची वेळ झाली."

"जा मंग, जल्दी जा," ते म्हणाले. "गाडी चुकंल."

सकाळचे अकरा वाजले होते. माझी गाडी संध्याकाळची होती.